काय नावाचं अक्षर

"ही फुली कोणी मारली?"

सुवार्ताने हे विचारलं तेव्हा तिच्या हातातली शेवंतीची फुलं अजून खाली ठेवायची होती. टाकळीच्या कबरस्थानात त्या सकाळी आम्ही तिघंच होतो. ती, तिचे वडील शांतवनबुवा कसोटे, आणि मी. मार्थामावशीला, म्हणजे सुवार्ताच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. दुपारनंतर चर्चमध्ये तिच्या आठवणीची उपासना ठेवली होती आणि उपासनेत बुवांचं कीर्तन. त्यासाठी सुवार्ता सोलापूरहून आली होती.

दगड नवाच बसवलेला. काळा, गुळगुळीत. 'मार्था शांतवन कसोटे', खाली 'ख्रिस्ताठायी निजली'. आणि नावाच्या वर, जिथे आमच्यात क्रूस कोरतात त्या जागी, वीतभर उंचीची फुली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा. दुसरं काही नाही.

"फुली नाही ती," बुवा म्हणाले. "अक्षर आहे. ग्रीक अक्षर."

"कुठलं?"

"काय."

"कुठलं अक्षर, म्हणतेय मी."

"तेच सांगतोय. काय."

"आबा, माझा प्रवास झालाय, माझं डोकं दुखतंय. साधं विचारते. या अक्षराचं नाव काय?"

"हो," बुवा म्हणाले.

मला वाटलं, आता ती फुलं फेकून मारते. मारली नाहीत. मोठ्या शाळेतली गणिताची बाई ती, स्वतःवर ताबा ठेवून बोलायची सवय होती तिला. पण आवाज असा निघाला की कुंपणावरचे कावळे उडाले.

"आईच्या दगडापाशी उभं राहून माझी थट्टा करताय?"

"थट्टा नाही गं. त्याचं नावच काय आहे."

"मला विचारताय का सांगताय?"

"सांगतोय."

"मग सांगा ना!"

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या सकाळी अजिबात आलं नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही. आणि राग यायला कारण होतं. बुवांच्या कीर्तनाला मी पेटीवर बसायचे. लग्नाआधीपासून बसायचे. मराठी शिकवायची माझी नोकरी, पण खरी मराठी मी त्यांच्या पाठीमागे बसून शिकले. उच्चाराच्या बाबतीत असा कजाग माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा 'षष्ठी'तला ष जरा घसरला की चालत्या कीर्तनात चिपळ्या थांबवून मागे वळून बघायचे. ध्रुवपद धरणाऱ्या बायकांनी 'ज्ञान' नीट म्हटलं नाही तर भर मंडळीत पुन्हा म्हणून घ्यायचे. आणि हाच माणूस एका अक्षराचं नाव सांगताना समोरच्याला वेड लागेल असा हट्ट धरून बसला होता.

सुवार्ता दगडाकडे बघत म्हणाली, "मुलांच्या पेपरांवर मी ही खूण लाल शाईने करते. चुकलं, असा अर्थ होतो तिचा. आणि बीजगणितात हिला आम्ही क्ष म्हणतो. ज्याची किंमत ठाऊक नसते तो क्ष. बरोबर कोरलंयत तुम्ही आबा. तिची किंमत तुम्हाला कधी ठाऊकच नव्हती."

बुवांनी मान खाली घातली.

"पाथरवटाला आजच्या आज बोलवा," ती म्हणाली. "त्या फुलीचा क्रूस करता येत असेल तर करू दे, नाहीतर दगड बदला. तुम्ही हो म्हणालात तर मी राहते. नाही म्हणालात तर शेवटच्या गाडीने जाते, आणि पुन्हा या गावात पाय ठेवत नाही. पुढे आजारी पडलात तर," तिने माझ्याकडे बोट केलं, "या सत्त्वशीलेला हाक मारा. मला कळवू नका."

ती तरातरा निघून गेली. कुंपणाच्या फाटकाशी पोहोचली तशी बुवा मला म्हणाले, "अगं, फुलं ठेवायची राहिली तिची."

"बुवा," मी म्हटलं, "फुलांचं जाऊ द्या. हो म्हणा ना तिला!"

"पाथरवटाला नाही बोलवणार मी."

"का?"

"अक्षर बरोबर आहे म्हणून."

मी तिथून जी निघाले ती थेट पाळकसाहेबांच्या घरी. रेव्हरंड प्रफुल्ल अमोलिक तेव्हा नुकतेच सेमिनरीतून आमच्या मंडळीवर आले होते. तरुण, हुशार, आणि आपली हुशारी कुठे ठेवावी हे अजून न ठरलेले. अंगणात स्कूटर उघडून बसले होते. हात कोपरापर्यंत काळे.

"पाळकसाहेब, बुवांच्या डोक्यात ते काय तुम्ही भरवलंत ना?"

"काय नव्हे ताई, खी!" ते ताडकन उठले. "तुम्ही पण? खी! खी! मी त्या माणसाला दहादा सांगितलंय. वेदीवरच्या जुन्या कापडावर ते अक्षर आहे, मिशनच्या मडमेने भरलेलं. त्याचा अर्थ विचारायला आले होते. मी ग्रीक वर्णमाला उघडून दाखवली. ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर, खी. इतकं सरळ! मग बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, की इंग्रज लोक याला काय म्हणतात."

"काय म्हणतात?"

"काय म्हणतात."

"अहो, तेच विचारतेय मी, इंग्रज काय म्हण..." आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अच्छा. काय."

"हां. चुकीचं आहे ते, इंग्रजांची खोड. मी आपलं गंमत म्हणून सांगितलं. तर बुवा हसायलाच लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. उपरण्याने पुसतात आणि परत विचारतात, 'खरंच काय म्हणतात?' मी म्हटलं, हो. परत हसतात. मला वाटलं, माझ्या ग्रीकला हसतायत." त्यांनी पान्हा खाली टाकला. "त्या दिवसापासून एकदा तरी खी म्हटलंय का त्यांनी? मी खी म्हटलं की ते काय म्हणतात!"

एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण आता काय बोललो. त्यांनी कपाळाला हात लावला. काळा पट्टा उमटला.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "सुवार्ताला नीट समजावून सांगा. शिकलेली आहे, ऐकेल. प्रभूच्या नावाचं अक्षर आहे एवढं पटलं तरी पुरे."

बुवांच्या घरी सुवार्ता बाहेरच्या खोलीत बॅग भरत होती. बुवा आत चहा करत होते. घर ते केवढं, दोन खोल्यांचं, पण आतून आरोळी आली, "पाळकसाहेब! साखर! किती!"

"हळू बोला हो बुवा," मी ओरडले, "शेजारी चहा टाकतील."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे खडू मागितला. मास्तरणीच्या पिशवीत खडू असतोच. शहाबादी फरशीवर त्यांनी ऐसपैस फुली काढली आणि उकिडवे बसून सुवार्ताला सांगायला लागले. खरं सांगते, छान सांगत होते. जुन्या ग्रीकांना ख हा आवाज लिहायला खूण हवी होती. पूर्वेकडच्या ग्रीकांनी या खुणेला ख मानलं. पश्चिमेकडच्या ग्रीकांनी त्याच खुणेला क्ष मानलं. रोमन लोकांनी अक्षरं उचलली ती पश्चिमेकडून, म्हणून इंग्रजीतला एक्स क्षसारखा वाजतो. शास्त्र मात्र लिहिलं गेलं पूर्वेकडच्या चालीने, म्हणून तिथे हा ख.

"म्हणजे मी क्ष म्हटलं ते बरोबरच होतं," सुवार्ता म्हणाली. बॅग भरायची थांबली होती.

"एका परीने बरोबर. पण इथे ख. आपल्या कखगघमधला ख, श्वास सोडून म्हणायचा. आणि गंमत बघा ताई, इंग्रजांनी तो श्वास टाकून दिला, ते क्राइस्ट म्हणतात. आपण मराठीत ख्रिस्त म्हणतो. श्वास आपल्याकडे आहे! पुढे ग्रीकांचाही उच्चार बदलला. ख घशात गेला, उर्दूतल्या ख़बरसारखा. आता आजच्या ग्रीसमध्ये जाऊन विचारलंत, तर ते या अक्षराचं नाव साधारण 'ही' असं सांगतात."

"ही कोण?"

"कोण नाही. ही."

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तरीही, मी देवाचे आभार मानत होते. तिचा चेहरा निवळला होता. फरशीवरच्या फुलीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "प्रभूच्या नावाचं अक्षर आहे हे कबूल. क्रूस का नाही, हे मला कळलेलं नाही. पण ठीक आहे. खी. सांगता येईल लोकांना."

त्याच वेळी बुवा चहाचे कप घेऊन बाहेर आले. फरशीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"हां! काय!"

"खी, बुवा," पाळकसाहेब दात आवळून म्हणाले.

"काय."

"खी! शास्त्र ज्या भाषेत लिहिलं गेलं त्या भाषेत, खी!"

"असेल. माझ्या घरात काय."

"अहो, काय हा इंग्रजांचा उच्चार! चुकीचा! तुम्ही, जे ष म्हणताना श झाला तर जेवत नाही, ते तुम्ही चुकीचं नाव धरून बसता? का?"

"चहा घ्या. गार होतोय."

"आबा!" सुवार्ता उभी राहिली. बॅगची चेन तिने अशी ओढली की ती मध्येच अडकली, आणि अडकलेल्या चेनशी झटत ती बोलत राहिली. "गावाला तुम्ही बोलणं शिकवलंत. चार जिल्हे हिंडलात. कुठे नाताळ, कुठे हंगामाचा सण, कुठे कुणाचा बाप्तिस्मा. आई इथे, या दोन खोल्यांत. मी हॉस्टेलवरून सुट्टीत यायची तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची, तुमची वाट बघत. तुम्ही यायचात, जेवायचात, आणि तिच्यावर खेकसायचात. मी ऐकलंय ते. दारातून ऐकू यायचं. तिला एक शब्द नीट, हळू, प्रेमाने बोललेलं मी ऐकलं नाही. आणि आता दगडावर कोडं घालून ठेवलंयत. मी शेवटचं विचारते. हे अक्षर का?"

बुवांचे ओठ हलले. मी जवळ उभी होते, मला वाटलं आता सांगतील. पण कप खाली ठेवून ते इतकंच म्हणाले, "दुपारी सांगतो. उभा राहून."

"मला कीर्तन नको आबा. उत्तर हवंय."

"उत्तर द्यायची मला दुसरी रीत येत नाही पोरी. बसून सांगायला गेलो तर मधेच बंद पडेन."

पाळकसाहेब म्हणाले, "निदान कीर्तनात तरी खी म्हणा." सुवार्ता म्हणाली, "मी थांबणार नाही." बुवा म्हणाले, "साखर कमी झाली का?" आणि माझा तोल गेला.

"बस्स!" मी म्हटलं. "एका अक्षरापायी तिघांनी मिळून माझा जीव काढलाय. पाळकसाहेब, तुम्ही आधी कपाळ धुवा. बुवा, तुम्ही धोतर बदला. आणि तू, सुवार्ता, तुझी गाडी चर्चच्या दारासमोरच थांबते. बॅग घेऊन दाराजवळच्या बाकावर बस. हॉर्न वाजला की ऊठ आणि जा. तुला कोणी धरणार नाही. पण रस्त्यावर उन्हात उभं राहण्यापेक्षा आत सावलीत बस."

तिला दुसरं काही पटलं नसतं. ऊन पटलं.

चर्च भरलं होतं. मार्थामावशीला माणसं फार नव्हती, पण बुवांच्या कीर्तनाला आजूबाजूच्या वाड्यांवरूनही लोक येत. मी पेटीवर बसले, मागे तबला आणि झांजा. बुवा उभे राहिले. पांढरं धोतर, उपरणं, हातात चिपळ्या. सकाळपासूनचा माझा राग तिथे थोडा हलला हे खरं आहे. देवाने मला बऱ्याच गोष्टी दिल्या नाहीत, पण सुरात सांगितलेलं वचन आवडेल असा कान दिला आहे. बुवांनी नमनाचा पहिला स्वर लावला की मला आजही, नुसत्या आठवणीने, बरं वाटतं.

सुवार्ता सगळ्यात मागे, दाराशी. मांडीवर बॅग.

पूर्वरंगात बुवांनी अक्षराचीच गोष्ट घेतली. पाळकसाहेबांनी फरशीवर सांगितलेली, पण बुवांच्या हाती पडून ती गोष्ट झाली होती. पूर्वेकडचे ग्रीक आणि पश्चिमेकडचे ग्रीक दोन भाऊ झाले, वाटणीवरून भांडायला लागले. घरात एकच खूण, ती ओढताहेत दोन्हीकडून. एक म्हणतो ख, एक म्हणतो क्ष. ओढता ओढता ती तिरपी झाली ती झाली! लोक हसले. पाळकसाहेब पहिल्या बाकावर होते, तेही हसले. बुवा त्यांच्याकडे हात करून म्हणाले, "आणि आमच्या पाळकसाहेबांनी मला शिकवलं, या अक्षराचं नाव..."

पाळकसाहेब पुढे झुकले.

"...खी!"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मी पाहिलं.

"खी हेच खरं नाव. श्वासाचा ख. ख्रिस्तातला ख. मंडळींनी हेच शिकावं, मुलांना हेच शिकवावं." मग बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कीर्तनात मध्येच त्यांनी चिपळ्या ठेवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पेटीचा भाता धरून बसले, पुढे कुठला सूर घ्यायचा ते कळेना. "पण इंग्रज लोक याला दुसरं नाव देतात. काय. मी पाळकसाहेबांना विचारलं, काय? ते म्हणाले, काय."

पुन्हा हशा. मागे, दाराशी, कोणी हसलं नाही.

"आता माझ्या घरातली गोष्ट ऐका," बुवा म्हणाले. हे ते गात नव्हते. नुसतं बोलत होते. "आमची सुवार्ता लहान असताना तिच्या आईला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना एक कान घेऊन गेला. पुढे दुसराही हळूहळू गेला. सुवार्ता हॉस्टेलवर होती, तिला वाटायचं, आई थोडं कमी ऐकते. थोडं नाही. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची. आणि कुणाला सांगायचं नाही, अशी मला तिने शपथ घातली होती. कीर्तनकाराची बायको बहिरी, म्हणजे लोक मला हसतील, असं तिला वाटायचं."

मी इतकी वर्षं त्या घरात जात होते. मावशी माझ्या तोंडाकडे बघून बोलायची. मला वाटायचं, मायेने बघते.

"तर घरात एकच शब्द. सकाळी उठल्यावर, काय? जेवताना, काय? मी म्हणायचो, मीठ दे. काय? मी ओरडायचो, मीठ! काय? मी चिडायचो. खेकसायचो. माझ्या पोरीने ते दारातून ऐकलं, खरंच ऐकलं." इथे त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं, असं मला वाटतं. "नवं आख्यान बसवलं की पहिल्यांदा तिच्यासमोर म्हणायचो. एक ओळ म्हणायची. काय? पुन्हा म्हणायची. काय? जीभ नीट लावून, ओठ नीट उघडून, श, ष, स वेगळे दिसतील असे म्हणायचे. दिसतील असे! कारण ती बघून ऐकायची. ज्या ओळीला तिने काय विचारलं नाही, ती ओळ मी बाहेर गावात घेऊन जायचो. लोक म्हणतात, कसोटेबुवांचे उच्चार काय स्पष्ट! माझे कसले? तिने करून घेतले."

मी पेटीवर मान खाली घालून बसले होते. काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या पट्ट्या एक झाल्या होत्या.

"गेलं वर्षभर घरात मला कोणी काय विचारलेलं नाही. मी बोलतो, भिंती पहिल्या वेळीच ऐकून घेतात. मी अजून ओरडून बोलतो. सत्त्वशीला रागावते." दोघीतिघी बायका हसल्या, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "मग पाळकसाहेबांनी सांगितलं, या अक्षराला काय म्हणतात. प्रभूच्या नावाचं पहिलं अक्षर. मंडळी, मी आयुष्यभर प्रभूचं नाव चार जिल्ह्यांत घेऊन हिंडलो. आणि माझी बायको घरात बसून दिवसभर त्याचं पहिलं अक्षर म्हणत होती. आणि मी तिच्यावर चिडत होतो."

बाहेर गाडी आली. आधी धूळ आली दारातून, मग ब्रेकचा आवाज, मग हॉर्न. लांबलचक. आमच्या गावात चर्चसमोर गाडी थांबली की कंडक्टर हॉर्न मारायला लावायचा, उपासना असो नसो.

मी मान वर केली. सुवार्ता उभी होती. बॅग तिच्या हातात होती.

बुवांनी मला सुराची खूण केली. मी भैरवी धरली. त्यांनी शेवटचा अभंग घेतला, त्यांनी स्वतः केलेला, जो मीही आधी ऐकला नव्हता. पहिलं चरण कसंबसं निघालं.

ऐकणारी गेली । गाणारा राहिला ।

आणि त्यापुढे आवाज बसला. इतकी वर्षं मी त्यांच्या मागे बसले, त्यांचा आवाज बसलेला मी तेव्हाच ऐकला. ओठ हलत होते, पण शब्द कळत नव्हते, पुटपुटल्यासारखे. ध्रुवपद धरणाऱ्या बायका गप्प झाल्या, काय धरायचं तेच त्यांना कळेना. मी तोच सूर परत परत देत राहिले, बुवांना पाय ठेवायला काहीतरी असावं म्हणून. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

सुवार्ता मधल्या वाटेने पुढे येत होती. बॅग तिने कुठे ठेवली कोण जाणे, हात रिकामे होते. ती पहिल्या बाकाशी आली. पाळकसाहेब सरकले. मार्थामावशी बसायची ती जागा, बुवांच्या अगदी समोर. ती बसली, मान वर केली, आणि बुवांच्या तोंडाकडे बघत, जरा डोळे बारीक करून, तिच्या आईने विचारलं असतं तसं अगदी सहज विचारलं,

"काय?"

बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. ओठ नीट उघडले. आणि एकेक अक्षर दिसेल असं म्हटलं,

शब्द हा आणिला । तुझ्या दारी ॥

बाहेर गाडी निघून गेली. मी पेटीचा सूर वर नेला आणि बायकांनी ओळ धरली.